कळंबोलीच्या काट्यावर घोडी

२०१० साल. मी पासष्ट वर्षांचा होतो आणि माझं कुठलंच म्हणणं चुकत नव्हतं. निदान माझी तशी समजूत होती, आणि ती मोडून काढायची हिंमत बायकोशिवाय कुणात नव्हती.

शाळा मी तिसरीत सोडली. गुणाकारापर्यंत पोचलो होतो. भागाकार शिकवायला घेणार तेवढ्यात बापाने उचलून टांग्यावर बसवलं. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. टांग्यावर जे शिक्षण मिळालं ते वजनाचं. टांग्याला चाकं दोनच. भार मागे गेला की दांड्या वर उचलतात आणि तंग घोड्याच्या पोटात रुततो. पुढे आला की सगळं ओझं त्याच्या पाठीवर. म्हणून पनवेलच्या स्टँडावर एसटीतून माणूस उतरला की तो टांग्यापर्यंत येईस्तोवर मी त्याला मनात तोललेला असे. "शेट, तुम्ही पुढे. मावशी, तुम्ही मागे, पिशवी पायाशी." एका जाड्या गृहस्थाला मी त्याचं वजन तोंडावर सांगितलं, तर तो रागाने चालतच गेला. पण आकडा चुकलेला नव्हता. चुकला असता तर भांडला असता.

घोड्याचं वजन मात्र मी नजरेने करत नसे. त्याला माझा तंग होता.

तंग म्हणजे घोड्याच्या छातीभोवती, पुढच्या पायांच्या मागून आवळायचा चामडी पट्टा. माझी पांढरी घोडी आणली तेव्हाच मोच्याकडून तिच्या मापाचे दोन तंग शिवून घेतले होते, प्रत्येकाला सात भोकं. एक वापरायचा, एक अडीअडचणीला. टेम्पोवाला तिला घेऊन येताना वाटेत ट्रक तोलायच्या काट्यावर थांबला होता. गाडी भरलेली तोलली, घोडी उतरवल्यावर परत रिकामी तोलली. घोडी तीनशे किलो. घरी आणून तंग बांधला तर चौथ्या भोकात बसला. झालं, माझा हिशेब पक्का. चौथं भोक म्हणजे तीनशे. तिसऱ्यावर आली की घोडी उतरली, हरभरा वाढवा. पाचव्यावर गेली की चढली, हरभरा कमी करा. बारा वर्षं मी असाच चारा दिला आणि बारा वर्षं घोडी चौथ्या भोकावरून हलली नाही. स्टँडावर मी हे सगळ्यांना ऐकवायचो. तंगाला दर रविवारी तेल लावायचो, इतकं की हातात घेतला तर सापासारखा लोंबायचा.

पुढे रिक्षा आल्या आणि टांगे गेले. मी घोडी विकली नाही. झूल शिवली, कपाळावर आरसे लावले आणि लग्नाच्या वराती घ्यायला लागलो. टांग्यात ती दिवसाला बारा-पंधरा फेऱ्या मारायची. आता आठवड्याला दोन वराती, त्याही गोगलगाईच्या चालीने. आणि वर खाणं! आमच्याकडे नवरदेव चढायच्या आधी त्याच्या बहिणी घोडीला भिजवलेली डाळ आणि गूळ भरवतात. बहिणी झाल्या की आत्या. आत्या झाल्या की एखादी हौशी मामी, "माझ्या हातचं नाय खाल्लं तिने अजून!" असं म्हणत पुढे येते. घोडी कुणाला नाही म्हणत नसे. तिचं वळण चांगलं होतं.

तर त्या साली तळोज्याला एका वरातीत घोडी मधेच थांबली. मी चुचकारलं, चार पावलं टाकली, परत थांबली. बँडवाले दोन गाणी पुढे निघून गेले आणि नवरदेव मागे एकटा, मोबाईलवर मित्रांना सांगतोय, "अरे थांबा, मी राहिलोय!" लोक हसले. मी म्हटलं, नाल सैल झालीय.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "नाल नाय. ती जपून पाय टाकते. चार दिस बघते मी. जाड झालीय ती."

बायको आपट्याची, नदीकाठची. तिला जनावराचं कळतं, पण ते मी तिला कधी सांगितलं नाही.

"चौथ्या भोकावर हाय," मी म्हटलं.

"तुमचा तंग घाला चुलीत. डोळे हायत ना देवाने दिलेले?"

शेवटी घोडीला घेऊन जनावरांच्या दवाखान्यात गेलो, नाल सैल आहे हे सिद्ध करायला. तिथे नवीन डॉक्टरीणबाई आलेल्या. वयाने माझ्या नातीएवढ्या. त्यांनी नाल बघितली, म्हणाल्या, "नाल छान बसलीय." मग चारी खुरांना उलटा हात लावून बघितला, मानेवरची वळी चिमटीत धरली, ती हलेना.

"बाबा, किती वजन आहे हिचं?"

"तीनशे."

"कशावरून?"

मी तंगाची सगळी कथा सांगितली. मोठ्या थाटात सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि खिशातून शिंप्याकडे असते तसली पट्टी काढली. एक माप छातीभोवतीचं, घोडीने श्वास सोडल्यावर: एकशे अडुसष्ट. दुसरं खांद्याच्या टोकापासून मागच्या हाडापर्यंतचं: एकशे बेचाळीस. मोबाईल काढून बोटं मारायला लागल्या.

"घेर गुणिले घेर, गुणिले लांबी, भागिले अकरा हजार आठशे ऐंशी."

"थांबा," मी म्हटलं. "हे अकरा हजार आठशे ऐंशी कुठून आले? त्यांचं माझ्या घोडीशी नातं काय?"

"ते ठरलेलं आहे, बाबा. सेंटीमीटरात मापलं की त्याने भागायचं. तीनशे सदतीस किलो आली."

म्हणजे सदतीस किलो जास्त! मला हसूच आलं. घरात सदतीस किलो वाढले आणि मला पत्ता नाही?

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मूठ आवळा. बोटांच्या गाठींवर दुसरा हात फिरवा. बरगड्या अशा लागल्या तर घोडी हडकलेली. आता मुठीच्या पाठीवर फिरवा. अशा लागल्या तर बरोबर. आता मूठ उघडा, अंगठ्याखालच्या गादीवर फिरवा. हिच्या बरगड्या अशा लागतायत. लागतच नाहीयेत. हरभरा बंद करावा लागेल, गूळ बंद, लग्नातली डाळ बंद. नाहीतर खूर आतून सुजतात. एकदा तापले की घोडी पुढचे पाय पुढे ताणून टाचांवर उभी राहते आणि मग उभीच राहत नाही."

हे ऐकलं आणि माझं हसू गेलं, पण ते मी दाखवलं नाही.

कारण तसं उभं राहिलेलं घोडं मी बघितलं होतं. माझ्या बापाची घोडी. मी बारा-तेरा वर्षांचा असेन. रात्रीत सुटून तिने अख्खं धान्याचं पोतं खाल्लं होतं आणि मग हुबेहूब तशीच उभी राहिली, पुढचे पाय लांब ताणून, जणू मागे कुणी ओढतंय. आम्ही म्हटलं, दृष्ट लागली. लिंबू उतरवलं, नारळ फोडला. बाप तिच्यापाशी घोंगडी टाकून बसला. तिसऱ्या दिवशी ती खाली बसली ती उठलीच नाही. बापाने पुढे कधी त्या घोडीचं नाव काढलं नाही. आम्हीही नाही.

आता शहाणा माणूस असता तर तिथेच म्हणाला असता, बाई, तुम्ही सांगता तसं करतो. पण मी म्हणालो, "उद्या घोडीला कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या काट्यावर नेतो. तीनशेच्या वर भरली तर हा तंग तुमच्या दवाखान्यात खिळ्याला टांगीन, आणि तुम्ही सांगाल ते घोडी खाईल."

"आणि तीनशेच भरली तर?"

"तर ही तुमची पट्टी माझ्या तबेल्यात टांगायची."

"कबूल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खूर अजून गार आहेत, हळूहळू चालवत न्या. चालणं तिला चांगलंच आहे. पाय जास्त आखडले तर मात्र तिथूनच परत फिरा."

परत येताना माझ्या दोस्ताच्या दुकानावरून गेलो. जुन्या स्टँडाजवळ त्याचं पेंड-कोंड्याचं दुकान. कोकणी मुसलमान, माझ्याच वयाचा, तीस वर्षं माझी जनावरं त्याचाच हरभरा खात आलेली. त्याला सांगितलं तर म्हणाला, "मी पण येतो उद्या. साक्षीदार नको?"

"तू माझ्या बाजूने ना?"

"खुदा कसम, डॉक्टरीणबाईच्या बाजूने. माझा हरभरा कमी खपला तरी चालेल, पण एकदा तुझं तोंड बंद झालेलं बघायचंय मला. तुझी घोडी समोरून येते तेव्हा वाटतं, पाण्याचा टँकर येतोय."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता निघालो. मी वरातीची खाकी पॅन्ट घातली, चामडी पट्टा लावला, फेटा बांधला. परीक्षेला जाताना माणूस नीट जातो. मी पुढे, घोडी मागे, आणि तिच्या मागे दोस्त स्कूटरवर, चालण्याच्या वेगाने, सारखा पाय टेकत. हायवेच्या कडेने दोन तास लागले. घोडी मधे मधे थांबायची, पुढचा पाय हलका टाकायची. मी दर वेळी म्हणायचो, "गाड्यांना बुजते." दोस्त मागून म्हणायचा, "बरोबर हाय, इतकी वर्षं पनवेलच्या स्टँडावर काढली, गाडी कुठे बघितलीय बिचारीने."

लोखंड बाजारात सळयांचे ट्रक रांगेला लागलेले. आम्ही रांगेत उभे राहिलो. पुढे ट्रक, मागे ट्रक, मधे फेट्यातला मी. मागचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "चाचा, बारात कहाँ है?" दोस्ताने उत्तर दिलं, "दुल्हन को तौलने लाए हैं!" रांग हसली. घोडीने शेपटी उडवली.

आमची पाळी आली. काट्याच्या केबिनमधे एक पोरसवदा माणूस संगणकापुढे बसलेला. मान वर न करताच विचारलं, "गाडी नंबर?"

"नंबर नाय."

"नंबर नसेल तर पावती नाय निघत." मग वर बघितलं. बराच वेळ बघितलं. "काका, हे काय?"

"घोडी. तोलायची हाय."

"मालात काय लिहू? इथे सळई हाय, पत्रा हाय, कॉइल हाय, भंगार हाय. घोडी यादीतच नाय. भंगार टाकू?"

"तोंड सांभाळ! माझ्या घोडीला भंगार म्हणतो?"

"मी कुठे म्हणतो, संगणक म्हणतो."

शेवटी दोस्ताच्या स्कूटरचा नंबर आणि मालात सळई लिहायचं ठरलं. घोडीने पहिला पाय लोखंडी फळीवर ठेवला आणि नालेचा आवाज असा घुमला की ती मागे सरली. एकटी चढेना. मग मी तिच्या मानेला धरून सोबत चढलो, आणि मी आहे म्हटल्यावर तीही चढली. उभी राहिली शहाण्यासारखी. खिडकीवरचे लाल आकडे इकडेतिकडे पळाले आणि थांबले. चारशे दहा.

"बघ," मी काट्यावरूनच दोस्ताला ओरडलो, "यात मी पण हाय!"

"तू किती?"

"साठ. लग्न झाल्यापासून साठ."

"तरी साडेतीनशे झाली की रे!"

मी म्हटलं, काटा दहा-दहा किलोने उड्या मारतो, त्यात काय एवढं. केबिनवाला म्हणाला, "काका, तुमी एकटे उभे राहा. हिशेब चोख होऊ द्या." दोस्ताने लगाम धरला. मी फेटा सावरला आणि एवढ्या मोठ्या काट्यावर एकटा जाऊन उभा राहिलो. पायाखाली ट्रक तोलणारं लोखंड आणि वर मी. लाल आकडे थांबले. सत्तर.

"काटा बिघडलाय," मी म्हटलं.

मागचा ड्रायव्हर चिडला. "चाचा, इसी काँटे पे पंद्रह साल से माल तौल रहे हैं, आज बिगड़ गया?"

चारशे दहातून सत्तर गेले, तीनशे चाळीस. वजाबाकी मला येते. डॉक्टरीणबाईंची तीनशे सदतीस आणि लोखंड बाजाराची तीनशे चाळीस. एक शिंप्याची पट्टी, एक ट्रकचा काटा, एकमेकांना कधी भेटलेले नाहीत, आणि दोघांची साक्ष एकच.

पण मला घोडीपेक्षा त्या सत्तरचं कोडं पडलं. काट्यावरून उतरलो आणि दोस्ताला म्हटलं, "मी साठच. हा पट्टा बघ, लग्न झाल्यापासून वापरतोय. तेव्हा ज्या भोकात लागायचा, आजही त्याच भोकात लागतो."

दोस्ताने वाकून माझ्या कमरेच्या पट्ट्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. थट्टा करायची सोडून हळूच म्हणाला, "अरे दोस्त. चामडं हाय ते."

मी खाली बघितलं. गोल पाडलेलं भोक लांबट होऊन डोळ्याएवढं झालं होतं. पट्ट्याची मधली बाजू ताणून ताणून पातळ झालेली. मी फुगत गेलो आणि पट्टा माझ्याबरोबर वाढत गेला. कधी कुरकुरला नाही. मला एकदम तंग आठवला. बारा वर्षं, दर रविवारी, ओंजळभर तेल.

येताना मी घोडीच्या चालीने चालत राहिलो. दोस्ताने टँकरचं नावही काढलं नाही, त्याला मैत्री म्हणतात. फक्त खांदा कॉलनीपाशी स्कूटर थांबवून घोडीला पाणी पाजलं आणि सवयीने खिशातून गुळाचा खडा काढला. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने तो खडा स्वतःच्या तोंडात टाकला.

घरी आलो ते सरळ पेटीपाशी. तळाशी फडक्यात गुंडाळलेला दुसरा तंग होता, त्याच मोच्याने त्याच दिवशी शिवलेला, एकदाही न वापरलेला. कडक झाला होता, पण लांबीला शिवला तेवढाच. अंगणात दोन्ही शेजारी पसरले, बकल बकलाला लावून. बायको पदराला हात पुसत येऊन उभी राहिली. वापरलेल्या तंगाचं चौथं भोक कोऱ्या तंगाच्या चौथ्या भोकाच्या पुढे गेलं होतं. मी बोटं ठेवून मोजली. पाच बोटं.

म्हणजे चौथं भोक केव्हाच तीनशेचं राहिलं नव्हतं. घोडी वाढली तसा तंग वाढला, आणि मी बारा वर्षं दोघांच्या मधे उभा राहून स्टँडावर बढाया मारत होतो.

मग मी डोळे मिटून घोडीच्या बरगडीवर हात फिरवला. डॉक्टरीणबाईंनी सांगितला तसा. तळहाताची गादी. दोन्ही बाजूंनी गादी. रोज याच हातांनी मी तिला खरारा करत होतो. हाताला कळत असणार. मी त्याला विचारलंच नव्हतं. खाली वाकून खूर बघितले. गार होते. चारी गार. मी परत एकदा बघितले.

"आता?" बायको म्हणाली.

"आता काय. हरभरा बंद."

"आणि लग्नात? त्या आत्या नि मामी काय ऐकणारेत?"

"तोंडाला मुसकी बांधू."

"नवरदेवाच्या घोडीला मुसकी? लोक मारतील तुमाला." जरा वेळ विचार करून ती आत गेली आणि झुलीचं उरलेलं जरीचं कापड घेऊन आली. "अशी शिवते की लोकांना दागिना वाटेल. वरून मोती लावते." ऊन उतरेस्तोवर अंगणात बसून ती शिवत होती, आणि दर चार टाक्यांनी माझ्या पोटाकडे बघत होती. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोस्ताच्या दुकानातून हातात धरून तोलायचा ताणकाटा आणला आणि आयुष्यात पहिल्यांदा गवत तोलून घोडीपुढे टाकलं. तिने ते हुंगलं, मग हरभऱ्याच्या रिकाम्या बादलीला नाक लावलं, मग माझ्याकडे बघितलं. बादलीला एक लाथ घातली. मी तोंड फिरवलं, फेटा बांधला, जुना तंग खांद्यावर टाकला आणि चालत दवाखान्यात गेलो. दरवाजा नुकताच उघडला होता. डॉक्टरीणबाईंनी माझ्या खांद्यावरच्या तंगाकडे बघितलं.

"खिळा कुठाय?" मी म्हटलं.

"राहू द्या हो, बाबा. आणि टांगायचाच असेल तर मी टांगते. खिळा उंच आहे."

"नाय. शब्द माझा होता."

स्टूल ओढलं, चढलो आणि तंग टांगला. लांब झालेला तो, टोक पार खाली येऊन बाकाला टेकलं. मी उतरलो, बाकावर त्याच्या शेजारी बसलो, फेटा काढून मांडीवर ठेवला.

"बाई," मी म्हटलं, "ती पट्टी काढा. आणि एक कागद-पेन्सिल द्या. मोबाईल नको. तो भागाकार मला हाताने करून दाखवा."